गावात व्याख्यानमाला घ्यायची आहे? वक्ता सगळ्यात शेवटी शोधा

कॉलेजात ऑनर्सचा वर्ग सुरू झाला की वर्षभरात कधीतरी हे काम अंगावर येतंच. मीटिंगमध्ये ठरतं की मुलांनी लोकांसाठी एक व्याख्यानमाला घ्यावी, विषय ‘गाव एकत्र कसं येतं’. सगळे माना डोलावतात आणि पहिलाच प्रश्न निघतो: वक्ता कोण आणायचा? मग नागपूर, अमरावती, पुण्याची नावं फळ्यावर चढतात. कोणाच्या तरी मामाची ओळख निघते. तारीख वक्त्याच्या सोयीची, जागा कॉलेजचा हॉल, आणि श्रोते म्हणून बी.ए., बी.कॉम.ची पोरं हजेरीच्या बोलीवर बसवलेली. फोटो निघतात, बातमी छापून येते. ज्या गावांच्या नावानं हे सगळं चाललं, तिथला एक माणूस आलेला नसतो.

हे काम पहिल्यांदाच हाती घेणाऱ्या मुलामुलींसाठी हा लेख आहे. क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे: आधी गावाचा प्रश्न, मग तारीख, मग जागा, मग निरोप आणि त्यानंतर वक्ता. विदर्भातल्या तालुक्याच्या ठिकाणचं कॉलेज, आजूबाजूची चार गावं आणि चार व्याख्यानं, एवढा पसारा डोळ्यांसमोर धरला आहे. पहिल्या वर्षी त्याहून मोठा घाट घालू नका.

कामाला लागण्याआधी

नव्या शैक्षणिक धोरणात चार वर्षांची पदवी ऑनर्सची होते आणि गावात जाऊन केलेल्या कामाला श्रेयांक (क्रेडिट) मिळतात. हिशेब साधा आहे. अशा कामाचे ३० तास म्हणजे एक श्रेयांक. व्याख्यानाच्या दोन तासांवर तुमचं भागणार नाही. आधीची पायपीट आणि नंतरचा पाठपुरावा यांतच तास भरतात. ते कोणत्या वहीत, कोणाच्या सहीनं नोंदवायचे हे सर-मॅडमना पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या, सेमिस्टरच्या शेवटी सह्यांसाठी धावू नका. कॉलेजच्या एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) दत्तक गाव असेल तर अर्धी ओळख आयती मिळते. ही योजना १९६९ पासूनची आहे. सात दिवसांच्या शिबिरांमुळे गावातली म्हातारी माणसंही ‘कॉलेजची पोरं’ ओळखतात. त्या ओळखीत एक खोट मात्र आहे. पोरं येतात, रस्ता झाडतात, पथनाट्य करतात आणि जातात, याची गावाला सवय झालेली असते. तुम्ही परत येणार आहात हे पटायला वेळ लागतो.

व्याख्यानमाला म्हटलं की पुण्याची वसंत व्याख्यानमाला आठवते. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली ती परंपरा मोठीच आहे, पण तिचा साचा शहराचा. तिथे लोक सभेला येतात, वक्ता बोलतो, लोक ऐकतात. आपल्या मुलखाचा साचा निराळा. गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घ्यायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहिले की लोकांना प्रश्न विचारत विचारत त्यांच्याच तोंडून उत्तर काढायचे. तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर गाव गोळा केला. त्यांची सामुदायिक प्रार्थना आजही अमरावती-वर्ध्याकडच्या कितीतरी गावांत दिवेलागणीला होते. पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर रात्रभर नाटकं चालतात आणि माणसं पहाटेपर्यंत मांडी घालून बसतात. तेव्हा ‘खेड्यातल्या लोकांना ऐकायची सवय नाही’ असं स्टाफरूममध्ये कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. कंटाळवाणं ऐकायची सवय त्यांना नाही, इतकंच.

पहिली पायरी: प्रश्न गावातून आणा

दिवाळीच्या आधीच चारही गावांत एक-एक चक्कर मारा. दोघं-तिघं जा, त्यात एक तरी मुलगी असू द्या. सर्वेक्षणाचे फॉर्म नेऊ नका. हातात कागद दिसला की गावाला वाटतं घरकुलाची यादी आली, आणि मग पुढची सगळी उत्तरं घरकुलाला धरून मिळतात. जिथे माणसं आपसूक बसतात तिथे बसा: पार, पानटपरी, सकाळी दूध संकलन केंद्र, दुपारी आरओच्या पाण्याची मशीन. बायकांशी बोलायचं तर बचत गटाच्या बैठकीचा दिवस विचारून घ्या आणि गटाच्या अध्यक्ष ताईंना आधी भेटा. कोणी विचारेलच, “काहून बाप्पा, कोन्या पार्टीचे तुमी?” कॉलेजचं ओळखपत्र दाखवा आणि स्पष्ट सांगा की कोणत्याच नाही.

विचारायचा प्रश्न एकच: गावानं सगळ्यांनी मिळून शेवटचं काम कोणतं केलं? यावर लोक थोडं थांबतात, मग आठवायला लागतात. कोणी मंदिराचा सभामंडप सांगेल, कोणी नाल्यातला गाळ, कोणी एखाद्या पोरीचं लग्न. वरूडकडच्या गावात गेलात तर २०१६ च्या वॉटर कप स्पर्धेतलं श्रमदान निघेल. त्या पहिल्या वर्षी राज्यातले तीनच तालुके होते आणि त्यात वरूड होता. मग खोदत जा. कोण आलं, कोण आलं नाही, का आलं नाही? पैसे कोणाजवळ ठेवले होते? हिशेब सांगितला का? आणि आता तसं का होत नाही? “आता कोन येते वर्गणी द्याले” असं उत्तर आलं तर तिथे थांबू नका. मागच्या वर्गणीचं काय झालं ते विचारा. व्याख्यानाचा विषय बहुतेक तिथेच सापडतो.

पश्चिम विदर्भात पहिला विषय हमखास पांदण रस्त्याचा, म्हणजे शेतात जायच्या वाटेचा, निघेल. ट्रॅक्टर, हार्वेस्टर, बैलगाडी, सगळ्यांना तीच वाट हवी. पण दोन्ही बाजूंच्या धुऱ्यांनी (शेताच्या बांधांनी) वर्षावर्षाला एकेक फूट आत सरकून ती गिळलेली असते. प्रत्येकाला रस्ता पाहिजे आणि सोडायचं मात्र दुसऱ्यानं. गाव एकत्र येणं न येणं म्हणजे काय, हे समजायला याच्याइतका चांगला विषय मला दुसरा माहीत नाही. त्यात पैसा आहे, भाऊबंदकी आहे, पावसाळ्यात चिखलातून डोक्यावर सोयाबीनचं पोतं आणणारी बाई आहे, आणि कायदाही आहे. शेतात जायच्या वाटेसाठी जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम १४३ आणि अडवलेली वाट मोकळी करण्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५, दोन्हींचा अर्ज तहसीलदाराकडे जातो. गावात हे कलमासकट पाठ असलेला एक तरी माणूस भेटतो. तो कोर्टात चकरा मारून शिकलेला असतो. त्याचं नाव वहीत लिहून ठेवा.

पूर्वेकडे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत विषय तलावाचा निघेल. मालगुजारी (जुन्या जमीनदारीच्या काळातल्या) तलावांचं पाणी कोणाच्या बांधीत (धानाच्या खाचरात) आधी सोडायचं, पाळ कोण दुरुस्त करणार, गाळ कोण काढणार, याची रीत गावाजवळ होती. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि ती रीत हळूहळू सुटली. आता त्याच तलावावर ढीवर समाजाची मासेमारी संस्था आहे, धानाला पाणी मागणारे शेतकरी आहेत, उन्हाळ्यात काठावर पीक घेणारे आहेत, आणि तिघांची एकत्र बैठक होत नाही. याशिवाय ई-क्लासच्या (सरकारी गायरान) जमिनीवरचं अतिक्रमण, रोही (नीलगाय) आणि रानडुकरांपायी शेतात करावी लागणारी रात्रीची जागल, ग्रामसभेला न भरणारा कोरम, हे विषय दोन्हीकडे सापडतील.

विषय सापडला की त्याला प्रश्नाचं नाव द्या. ‘ग्रामीण समुदाय निर्मिती: संकल्पना आणि आव्हाने’ असं पत्रिकेत छापलं तर गावातलं कोणी येणार नाही आणि आलं नाही म्हणून त्यांना बोलही लावता येणार नाही. ‘आपल्या पांदणीचं काय करायचं?’ असं लिहा. विद्यापीठाच्या अहवालात जड नाव घाला हवं तर, तिथे कोणी अडवत नाही.

दुसरी पायरी: तारीख शेताला विचारा

सोयाबीनची काढणी ऑक्टोबरला धरून असते. दसऱ्यानंतर कापूस वेचणी लागते ती जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत रेंगाळते. धानपट्ट्यात जुलै-ऑगस्ट रोवणीत जातो आणि ऑक्टोबर ते डिसेंबर कापणी-मळणीत. मार्चमध्ये मोहफूल पडायला लागतं, मे म्हणजे तेंदूपत्ता, आणि ऊन असं की सावलीतही कोणी बसणार नाही. मधे पोळा, गणपती, दसऱ्याची दीक्षाभूमीची वारी, दिवाळीनंतरच्या मंडया (गावोगावच्या जत्रा), जागोजागचे भागवत सप्ताह. तुमच्या परीक्षा हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात. हे सगळं कॅलेंडरवर पेन्सिलीनं काढलं की जे मोकळं दिसतं ते जवळजवळ जानेवारीचा पहिला आठवडा ते फेब्रुवारीची अखेर. तेवढ्यात चार व्याख्यानं बसवा, दर पंधरवड्याला एक. कापूसपट्ट्यात तेव्हाही वेचणीची शेवटची फेरी सुरू असेल, म्हणून वेळ संध्याकाळचीच.

यात २६ जानेवारी महत्त्वाची. त्या दिवशी ग्रामसभा असते. वर्षातल्या ठरलेल्या तारखांपैकी ती एक, बाकीच्या १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. पहिलं व्याख्यान तिच्या दोन-अडीच आठवडे आधी पडलं तर गावाला आपला विषय लेखी देऊन ग्रामसभेत मांडता येतो. नंतर पडलं तर १ मेची वाट बघावी लागते, आणि तोवर मोहफूल, लग्नं, ऊन यांत विषय विरून जातो.

वार आणि वेळ ठरवताना तीन गोष्टी विचारून घ्या. एक, आठवडी बाजार कधी. त्या दिवशी सगळेच थकून येतात आणि काही जण भलत्याच अवस्थेत येतात. दोन, त्या आठवड्यात शेतीची लाइन दिवसा आहे की रात्री. हरभरा-गव्हाला पाणी द्यायच्या दिवसांत रात्रीची थ्री फेज असली तर गडी मोटरीजवळ असतो, तुमच्या व्याख्यानाला नसतो. गावच्या लाइनमनला फोन करून दिवसाचा आठवडा पकडा. तीन, वाघाची भीती. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूलकडच्या गावांत अंधार पडल्यावर माणसांना पांदणीनं या म्हणणं बरोबर नाही. तिथे दुपारी दोन ते चार घ्या. बाकी ठिकाणी साडेसात ही वेळ पुरुषांची, आठ ही बायकांची. भाकरी झाल्याशिवाय घरातून बाई निघत नाही. मी आठ धरतो. जागलीला जाणारे नऊच्या पुढे उठणार हे गृहीत धरून आखणी करा.

तिसरी पायरी: इथे कोण येणार नाही?

जागा बघताना सगळे विचारतात की किती माणसं मावतील. तुम्ही विचारा, या जागी कोण येणार नाही. मंदिराच्या सभामंडपात एक मोहल्ला येणार नाही, विहारात दुसरा. माजी सरपंचांच्या वाड्यासमोर आजी सरपंचांची माणसं येणार नाहीत. हे कोणी तोंडावर सांगणार नाही. ते “बघू, जमलं तर येऊ” म्हणतील आणि येणार नाहीत. बहुतेक गावांत जिल्हा परिषदेच्या शाळेचं पटांगण ही एकच अशी जागा असते जिथे सगळ्यांची पोरं बसली आहेत, म्हणून आईबापही बसतात. गोंड गावात गोटुलाजवळ (गावाच्या सामाईक जमायच्या जागी) घ्यायचं असेल तर गावपाटलांना आणि जाणत्या मंडळींना आधी भेटून विचारा. ते हो म्हणतील, पण त्यांच्या रीतीनं. कॉलेजचा हॉल यादीतून खोडा. बायकांना एसटीचं तिकीट २०२३ पासून अर्धं झालं हे खरं, पण शेवटची गाडी सहाला सुटत असेल तर अर्ध्या तिकिटाचा उपयोग काय?

शाळा ठरली की मुख्याध्यापकांना पत्र, प्रत ग्रामपंचायतीला. भोंग्यासाठी पोलीस ठाण्याची परवानगी. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक चालत नाही, हा नियम २००० सालापासून आहे आणि तुमच्या पथ्यावरच पडतो, कारण त्याचं कारण सांगून कोणालाही बसवता येतं. निवडणुकीची आचारसंहिता लागलेली असेल तर तहसील कार्यालयात विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आणि शाळेच्या स्वच्छतागृहाची किल्ली. हे वाचताना क्षुल्लक वाटेल. शाळा सुटली की त्याला कुलूप लागतं, किल्ली मदतनीस बाईंकडे, त्या दुसऱ्या टोकाला राहतात. दोन तास बसायचं म्हटलं की बायका मनातल्या मनात याचाच हिशेब करतात आणि मधूनच उठून जातात. मग आपण म्हणतो, बायकांना रस नाही. दुपारीच किल्ली ताब्यात घ्या, आत बल्ब लागतो का बघा, पाण्याची बादली भरून ठेवा.

मंच बांधू नका. सतरंज्या अंथरा, सगळे खाली, वक्ताही खाली किंवा एका साध्या खुर्चीवर. गुडघे दुखणाऱ्यांसाठी मागे दहा-बारा खुर्च्या. पुढच्या ओळीत खुर्च्या मांडल्या की त्या कोणासाठी हे गावाला न सांगता कळतं.

चौथी पायरी: निरोप

फ्लेक्सवर पैसे घालू नका. त्यावर कोणाचा फोटो मोठा यावरून जी भांडणं होतात त्यात व्याख्यानाचा विषय पार मागे पडतो. ग्रामपंचायतीचा भोंगा, घंटागाडीवरचा स्पीकर, कोतवालाची दवंडी, यांतलं गावात जे चालू असेल ते वापरा. प्रार्थना होणाऱ्या गावात प्रार्थनेनंतर दोन मिनिटं मागून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिकेचं चित्र टाकण्यापेक्षा गावातल्याच कोणाच्या आवाजातला पाऊण मिनिटाचा निरोप फिरवा. लोक तो ऐकतात आणि पुढे पाठवतात. आदल्या दिवशी घरोघरी जाऊन सांगणं याला तोड नाही. हे काम आशाताईंच्या गळ्यात घालू नका. त्यांच्या डोक्यावर आधीच पुष्कळ फुकटची कामं आहेत.

पाचवी पायरी: आता वक्ता

आता तुम्हाला प्रश्न माहीत आहे, तारीख माहीत आहे, समोर कोण बसणार हेही माहीत आहे. वक्ता शोधणं आता सोपं. दोन माणसं घ्या: एक बाहेरचा, ज्याच्या गावानं असाच प्रश्न सोडवला किंवा सोडवायचा प्रयत्न केला, दुसरा याच गावातला किंवा शेजारच्या गावातला. पांदणीची कलमं पाठ असलेला तो माणूस आठवतो ना, त्याला बोलवा.

आपल्याकडे बाहेरचं माणूस शोधायला फार लांब जावं लागत नाही. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) घ्या. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा सगळ्यांना ठाऊक असते. २००९ मध्ये त्यांना जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले, हेही वाचलेलं असतं. पण त्यामागचं रोजचं काम होतं अभ्यास गटाचं. लोक एखादा विषय घेऊन बसायचे, बाहेरचा जाणकारही त्यात बसायचा, पण निर्णय मात्र ग्रामसभेत आणि बहुमतानं नव्हे, सगळ्यांच्या सहमतीनं. एक माणूस अडून बसला तर निर्णय थांबायचा. अशा गावातून कोणी येत असेल तर त्यांना यशाची कहाणी सांगू नका म्हणा. सहमती होत नव्हती तेव्हा काय केलं, कोण रुसलं, त्याला परत कसं आणलं, हे सांगा म्हणा. आनंदवन, सेवाग्राम, शोधग्राम इथल्या मोठ्या माणसांनाच आणायचा मोह होईल. तिथे तुम्ही स्वतः जाऊन या, ते जास्त कामाचं आहे. गावाला मात्र आपल्यासारखाच सातबारा असलेला माणूस बोलताना हवा असतो.

वक्त्याला फोनवर चार गोष्टी स्पष्ट सांगा. बोलायला पस्तीस मिनिटं, त्यावर एक मिनिट नाही. पीपीटी नाही. ‘भागधारक’, ‘सक्षमीकरण’, ‘शाश्वत’ असे शब्द नकोत. आणि दुपारी चारलाच यायचं, कारण आधी पांदण किंवा तलाव पायी बघायचा आहे. ही शेवटची अट ऐकून जो टाळाटाळ करतो तो आपल्या कामाचा नाही, मग पदवी कितीही मोठी असो. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीच्या आत गोंडी किंवा माडिया, यवतमाळ-वाशीमच्या बंजारा तांड्यांवर गोरमाटी बोलली जात असेल, तर समजावून सांगणारं माणूस गावातलंच ठरवून ठेवा आणि त्यासाठी लागणारा जादा वेळ आधीच धरा. वऱ्हाडी बोलणाऱ्याला पुस्तकी मराठीत बोलायला लावू नका.

मानधनाबद्दल माझं मत ठाम आहे. प्राध्यापकाला जेवढं, तेवढंच शेतकरी वक्त्याला, त्याच दिवशी, पाकिटात. त्याचा एक दिवस बुडतो, वर गाडीभाडं. कॉलेजच्या लेखा विभागाला बिलं नंतर द्या, पण त्या माणसाला ‘चेक निघाला की कळवतो’ असं सांगून रवाना करू नका. पैशाचा बाकी हिशेब फार नसतो: मानधन, वक्त्यांचा प्रवास, भोंगा, चहा. चहा दहा रुपयांनी धरला तर दीडशे माणसांचे दीड हजार. सतरंज्या गाव देतं, मागितल्या तर. कृषी केंद्रवाला किंवा एखादे भाऊ “सगळा खर्च माझा” म्हणतील. त्यांना हात जोडा. त्यांच्या पैशाबरोबर त्यांचं भाषण येतं.

सहावी पायरी: त्या रात्री

आपल्याकडच्या कार्यक्रमाचा जीव सत्कार घेतो. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत, मग एकेकाला शाल-श्रीफळ, मग सत्काराला उत्तर, मग प्रास्ताविक. मुख्य वक्ता उभा राहतो तेव्हा पाऊण तास गेलेला असतो आणि मागची रांग रिकामी झालेली असते. महापुरुषांच्या प्रतिमेला हार घाला, वक्त्यांना गावातल्याच एखाद्या आजीच्या हातून एक फूल द्या, संपलं. सरपंच, पोलीस पाटील, शाळा समितीचे अध्यक्ष यांना दोन दिवस आधी घरी जाऊन सांगा: “भाऊ, यावेळी सत्कार नाही कोणाचाच, पन तुमी पुढं बसा आन लोकायले बोलू द्या.” आधी सांगितलं की राग येत नाही. कार्यक्रमात कळलं की येतो.

आठला सुरू. तीन मिनिटांत सूत्रसंचालन करणारी मुलगी सांगेल की हा प्रश्न आम्ही तुमच्याच गावातून नेला होता. कविता, शेर, काही नको. गावातला वक्ता आधी, दहा मिनिटं. मग बाहेरचा, पस्तीस. पावणेनऊच्या सुमारास दोघांचं आटोपलं की लगेच “कोणाला काही प्रश्न?” असं विचारू नका. हमखास शांतता पसरते आणि मग नेहमीचेच एक गृहस्थ उठतात. त्याऐवजी म्हणा, “आता दहा मिनिटं शेजारी बसलेल्या चार-पाच जणांशीच बोला. आपल्या गावात हे जमेल का, आणि अडेल तर कुठं अडेल?” पटांगणात एकदम गलबला होतो. बायका आपसात बोलतात, जे माइकवर कधी बोलल्या नसत्या. तुमची मुलं एकेका घोळक्यात जाऊन बसतील, पण बोलणार नाहीत. मग माइक फिरवा, पहिला बायकांच्या घोळक्याला. ज्यांना बोलायचं नाही त्यांच्या चिठ्ठ्या घ्या. लिहिता न येणाऱ्यांची चिठ्ठी तुमचा मुलगा लिहील.

तीन अडचणी येतातच. एक, प्रश्नाच्या नावाखाली भाषण. माइक धरून उभ्या असलेल्या मुलानं नम्रपणे म्हणायचं, “काकाजी, प्रश्न तेवढा सांगा, वक्ते थांबले आहेत,” आणि माइक आपल्या हातातून सोडायचा नाही. माइक दिला की गेला. दोन, प्यायलेला माणूस. त्याला तुमच्यापैकी कोणी हात लावायचा नाही; गावातल्या दोन जणांना आधीच सांगून ठेवा, ते त्याच्या नावानं हाक मारून बाजूला नेतात. तीन, खरं भांडण. पांदणीचा विषय काढला की “धुरा तू कोरला” असं निघणारच. घाबरून ‘आपण शांततेनं घेऊ’ वगैरे म्हणत पांघरूण घालू नका, आणि न्यायनिवाडाही करू नका. दोघांचं म्हणणं मोठ्यानं वाचून दाखवा: “यांचं म्हणणं असं, त्यांचं म्हणणं असं, बरोबर लिहिलं का?” आपलं म्हणणं नीट लिहून घेतलं हे कळलं की बरेच जण आवाज खाली आणतात. त्यातूनही चढलं तर चहा आणा.

साडेनऊला आटपा. आभार एका वाक्यात.

सातवी पायरी: कागद आणि पुढची भेट

दोघं जण फक्त लिहायला बसवा. वक्ता काय बोलला हे थोडक्यात; गाव काय बोललं हे सविस्तर. व्यक्तींची नावं न घालता एका मोठ्या कागदावर स्वच्छ अक्षरात उतरवा: काय अडतं, काय जमेल, कोणती माहिती पाहिजे. दुसऱ्या दिवशी तो कागद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि दूध संकलन केंद्रावर चिकटवा. व्हिडिओ टाकायचा तर बोलणाऱ्याला विचारूनच. रात्री भरात बोललेलं वाक्य सकाळी सगळ्या तालुक्याच्या मोबाइलवर दिसलं, की ती बाई पुढच्या वेळी तोंड उघडणार नाही आणि तिला पाहून बाकीच्याही.

आठ दिवसांत परत जा. त्या कागदावरचं एक, फक्त एक, माहितीचं काम उचला. पांदणीचा विषय असेल तर गाव नकाशाची नक्कल भूमी अभिलेख कार्यालयातून काढून आणा आणि पारावर पसरून बसा. आपली पांदण कागदावर केवढी होती हे बघायला कडक बोलणारेही वाकून येतात. तलावाचा असेल तर तो कोणत्या खात्याकडे आहे, मासेमारीचा लिलाव कधी झाला, हे शोधून आणा. अर्ज करायचा तो गावानं करायचा, सही गावाची. तुम्ही सोबत तहसीलपर्यंत जा, बाहेर बाकावर बसा. विषय ग्रामसभेत गेला तर मागे बसून ऐका, बोलू नका. तिथे तुम्हाला मत नाही.

काही गावांत काहीच होणार नाही. चार व्याख्यानांतून एका गावात दहा माणसांची बैठक दर महिन्याला बसू लागली तरी पहिल्या वर्षाला पुष्कळ. अहवालात मात्र चारही गावांचं जसंच्या तसं लिहा, न झालेलंही. श्रेयांक कापले जात नाहीत त्यानं.

शेवटचं व्याख्यान झालं की पुढच्या बॅचसाठी एक रजिस्टर तयार करा: कोणत्या गावात कोणाला आधी भेटायचं, किल्ली कोणाकडे, लाइनमन कोण, कोणत्या जागी कोण येत नाही, कोणत्या वक्त्यानं वेळ पाळली. फोन नंबर ज्यांनी द्यायला हरकत घेतली नाही त्यांचेच. ते कपाटात ठेवून देऊ नका. नवी मुलं आली की दिवाळीआधीची पहिली चक्कर जुन्या-नव्यांनी मिळून मारा, आणि पुढच्या वर्षीचा विषय कोणता हे त्या पारावरच विचारून या.